शनिवारी ठणठणीत, सोमवारी मुकी

प्रश्न : मी गोव्यात साखळीला राहते, शाळेत शिकवते. पेट्रोलची गाडी आहे, सहा वर्षांची. घर ते शाळा चार किलोमीटर. शनिवारी दुपारी शेडमध्ये लावलेली गाडी सोमवारी सकाळी चालू होत नाही, चावी फिरवली की नुसतं टिक-टिक. बॅटरी आठ महिन्यांपूर्वीची आहे, आधीचीही अशीच बसली होती. दुकानदार म्हणतो, पीसच खराब निघाला, बदला. माझे यजमान शनिवारी बॅटरीची एक वायर काढून ठेवतात, त्या सोमवारी मात्र गाडी लगेच चालू होते. गेल्या चतुर्थीच्या आधी टचस्क्रीनचा स्टीरिओ आणि मागचा कॅमेरा बसवला होता. बॅटरी बदलू का?
– एक शिक्षिका, साखळी

उत्तर : बाई, बदलू नका. निम्मं काम तुमच्या यजमानांनी करून ठेवलंय. बॅटरीच आतून गेली असती तर वायर काढून ठेवली तरी ती सोमवारी बसलेलीच मिळाली असती. वायर काढली की टिकते आणि लावली की उतरते, म्हणजे गाडीतलंच काहीतरी तिला खातंय.

किती खातंय त्याचा हिशेब मांडू. फोंड्याच्या माझ्या गॅरेजात गिऱ्हाईक येऊन “पात्रांव, बॅटरी गेली” म्हणालं की मी आधी कागद-पेन्सिल घेतो. लहान गाडीत साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे एक अँपिअर ओढला तर ३५ तास पुरेल अशी. शनिवारी दुपारी एकपासून सोमवारी सकाळी सातपर्यंत ४२ तास होतात. डिकीतला ५ वॉटचा एक दिवा जळत राहिला तर तो ०.४ अँपिअर ओढतो. ४२ तासांत झाले १७ अँपिअर-अवर, म्हणजे निम्मी बॅटरी साफ. त्यात तुमचं रोजचं चार किलोमीटर! सेल्फने घेतलेलं डायनामो (चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा) जेमतेम परत करतो तोवर शाळा येते. बॅटरी शनिवारीच अर्धपोटी असते. तेव्हा तुमच्याकडे चोर मोठा नसावा, अर्ध्या अँपिअरच्या आसपासचा असेल. एका रात्रीत नवी भरलेली बॅटरी झोपवायची तर दोन-तीन अँपिअर लागतात, ती गोष्ट वेगळी.

बंद गाडीही थोडं खातेच. घड्याळ, लॉक, कॉम्प्युटर मिळून २० ते ५० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ ते ०.०५ अँपिअर. त्याने आठवडाभरात काही होत नाही.

आता शोध. चार-पाचशे रुपयांचा डिजिटल मीटर (मल्टीमीटर) घ्या. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. फ्यूजचे दोन्ही डबे, एक बॉनेटखाली आणि एक डॅशबोर्डखाली, आधीच उघडून ठेवा. ड्रायव्हरचं दार उघडंच राहू द्या, पण त्याचं लॉक पेचकसाने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला दार बंद वाटतं. बॉनेटच्या लॉकला स्विच असेल तर तिथेही तेच. चावी घरात नेऊन ठेवा. मग १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल ढिलं करा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या खुंटाला आणि दुसरं सुटलेल्या वायरीला लावा.

सुरुवातीला आकडा दोन-तीन अँपिअरसुद्धा दिसेल, घाबरू नका, गाडी जागी असते. अर्धा तास तिला हात लावू नका. काही गाड्या त्याहून उशिरा झोपतात. चहा करून प्या. घाईत फ्यूज उपसायला लागणारे इथेच फसतात आणि भलत्याच फ्यूजला दोष देतात. आकडा ०.०५ च्या खाली स्थिरावला तर सगळं ठीक. ०.४-०.५ वर अडून बसला तर फ्यूज एकेक करून काढा, काढलेला परत लावून मगच पुढचा. ज्याच्यावर आकडा धाडकन पडेल, त्याच्या लाइनीवर चोर आहे. कुठला फ्यूज कशाचा ते झाकणावर छापलेलं असतं.

मीटर असा मध्ये लावलेला असताना चावी फिरवायची नाही. सेल्फ शंभरच्या वर अँपिअर घेतो, मीटरचा फ्यूज तत्क्षणी उडतो, नाहीतर मीटरच जळतो. आणि काम झालं की लाल वायर व्होल्टच्या भोकात परत घाला. मी एकदा विसरलो आणि तसाच मीटर बॅटरीला लावला. ठिणगी अशी उडाली की आमचा पोरगा अजून त्यावरून हसतो.

माझा पहिला संशय स्टीरिओवर. पिवळी वायर आठवणीसाठी कायम चालू ठेवतात, लाल वायर चावीबरोबर चालू-बंद व्हायला हवी. घाईत बसवणारे दोन्ही एकत्र पिळून टेप गुंडाळतात. चावी काढल्यावर स्क्रीन काळी दिसते, आत मात्र सर्किट जागं असतं. स्टीरिओचा फ्यूज काढल्यावर आकडा पडला तर बसवणाऱ्याला लाल वायर चावीच्या लाइनीवर घ्यायला सांगा, काम अर्ध्या तासाचं आहे.

फसवा दिवाही पाहा. उसगावच्या एका गाडीत मी दोन तास घालवले, आणि शेवटी डिकीत मोबाइल व्हिडिओ चालू करून ठेवला. झाकण बंद केल्यावरही पडद्यावर उजेड तसाच! स्विच पावसाच्या पाण्याने गंजला होता. जून-जुलैत आमच्याकडे असं हमखास होतं, रिलेही (विजेवर चालणारे स्विच) ओल्याने चिकटतात.

एकाही फ्यूजने आकडा हलला नाही, तर डायनामोतला डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गळत असेल. त्याची जाड वायर बॅटरीतून थेट येते. ती घरी सोडवू नका, ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा.

दोष सापडेपर्यंत यजमानांना वायर काढत राहू द्या, घड्याळ तेवढं दर सोमवारी लावावं लागेल. आणि एखाद्या रविवारी गाडी फोंड्यापर्यंत न्या. बॅटरी पोटभर जेवेल. घरी परतल्यावर रात्रभर वायर काढून ठेवा आणि सकाळी खुंटांवर मीटर धरा. १२.६ व्होल्ट दाखवला तर बॅटरी चांगली आहे, दुकानदाराला तोच आकडा सांगा.