पदवीचे चौथे वर्ष: ऑनर्स की संशोधन?

प्रश्न: मुलगी सरकारी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात टी.वाय. बी.एस्सी.ला आहे. गुण उत्तम. 'ऑनर्स' आणि 'ऑनर्स विथ रिसर्च' यांत नेमका फरक काय?

उत्तर: यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार दोन्हींना किमान १६० श्रेयांक (क्रेडिट) लागतात. संशोधनासह ऑनर्ससाठी मात्र पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के हवेत. शेवटच्या सत्रातली धावपळ क्वचितच पुरते. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्समध्ये १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो, साध्या ऑनर्सला त्याऐवजी तेवढ्याच श्रेयांकांचे विषय. खरी अडचण मार्गदर्शकांची! विभागात पीएच.डी.चे किती मान्यताप्राप्त कायम मार्गदर्शक आहेत, प्रयोगशाळा किती वेळ मिळेल, हे प्रवेशाआधीच विचारा. चार वर्षांनंतर एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकते. संशोधनाची ओढ असेल, तर हे वर्ष जरूर करावे.