पंख नसलेली पिल्लं उडतील कशी?

"मॅडम, होल्याची दोन पिल्लं गेली आणि पोरीनं बोलणंच टाकलं. एवढ्याशा पाखरापायी? हिला काही झालंय का?" जुळे सोलापुरातून आलेली आई विचारत होती. मी मुलांच्या मनाच्या तक्रारी बघते; दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी साडेआठ वर्षांची. खिडकीतल्या कूलरवर होल्यानं, म्हणजे कबुतराच्याच जातीतल्या छोट्या पाखरानं, घरटं केलं होतं. घरटं कसलं, चार काड्या आडव्यातिडव्या. होल्याचं तेवढ्यावर भागतं. पारा 42 च्या वर गेला तरी पोरीनं कूलर लावू दिला नाही, आणि वडिलांनी ऐकलं. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

एक दिवस ती शाळेतून आली तर घरटं रिकामं. आज्जीनं कावळा पाहिला होता, पण म्हणाली, "मोठी झाली बघ पिल्लं, उडून गेली." सगळ्या घरानं तेच धरून ठेवलं. त्या रात्रीपासून पोर दचकून उठायची, ताटातलं तसंच ठेवायची, त्या खोलीत पाऊल टाकायची नाही.

तिची एक वही आहे असं कळलं. मी ती मागवली. 27 मार्च, पहिलं अंडं. 9 एप्रिल, पिल्लू बाहेर. "दोघंपण आळीपाळीनं बसतात. चोचीत चोच घालून दूध देतात." होल्याच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणाऱ्या दाट रसाला खरंच दूध म्हणतात, तिनं ते कुठूनतरी शोधून काढलं होतं. शेवटची नोंद 15 एप्रिलची: "डोळे उघडले. पंख अजून काट्यांसारखे."

होल्याची पिल्लं उडायला साधारण दोन आठवडे लागतात. ही सहा दिवसांची होती.

"पंखच नव्हते, मग उडतील कशी?" ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. बऱ्याच वेळानं दुसरं आलं: "सकाळी मी पडदा सरकवला, होला उडाला. म्हणून कावळ्याला दिसली. सगळ्यांना माहितीय, म्हणून खोटं बोलतात."

मेलेलं परत येत नाही, हे या वयात कळतं. घरच्यांच्या खोट्यातून तिनं काढलेला अर्थ मात्र भयंकर होता.

"तुझी चूक नाही" असं लगेच म्हणायचा मोह मी आवरला. तिला वहीच मोठ्यानं वाचायला लावली. पिल्लं वाढू लागली की होला त्यांना सोडून चरायला जातोच. "घरट्यात कुणी नाही" असं तिनंच दोनदा लिहिलं होतं, आणि दोन्ही वेळा पडदा बंद होता. दुसऱ्यांदा वाचताना ती थांबली.

आज्जी आधी तयार नव्हत्या. "लेकराला मरणाचं कशाला सांगायचं?" त्यांची माया मला दिसत होती. मी एवढंच म्हटलं, तिला ते आधीच माहीत आहे, फक्त तुम्ही सोबत नाही आहात. मग त्यांनी माझ्यासमोरच नातीला जवळ घेतलं. "मी कावळा बघितला होता गं. तुला वाईट वाटंल म्हणून खोटं बोलले." पोर तेव्हा पहिल्यांदा रडली.

पालकांना मी सांगितलं, रडू द्या, विचारेल तेवढं खरं सांगा. झोप आणि जेवण तीन-चार आठवड्यांत रुळावर आलं नाही तर पुन्हा या.

निघताना वडिलांनी लेकीला विचारलं, "मग आता कूलर लावायचा का?"

"आठ दिवस थांबू," ती म्हणाली. "काड्या आहेत अजून."