दर लाँग बीचपर्यंतचा की शिकागोपर्यंतचा?

प्रश्न : जपानमध्ये जुने लेथ मशीन विकत घेतले आहे. पेटीसह वजन १,८०० किलो, आकारमान ३ घनमीटर. माल योकोहामाहून शिकागोला न्यायचा आहे. वाहतुकीचा एक दर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लाँग बीच बंदरापर्यंतचा आहे आणि बराच कमी आहे. दुसरा थेट शिकागोचा. कोणता घ्यावा?

उत्तर : बहुधा शिकागोचाच. लाँग बीचला कस्टम्स सोडवून पुढे सुमारे ३,२०० किलोमीटर ट्रक स्वतः ठरवायचा, तर स्वस्ताई तिथेच संपते. थेट दरात माल सीलबंद, इन-बाँड (म्हणजे बंदरात कस्टम्स न करता) शिकागोला जातो आणि कस्टम्स तिथे होते. मात्र बिल ऑफ लेडिंगवर (वाहतूकदाराने दिलेल्या मालाच्या पावतीवर) ‘प्लेस ऑफ डिलिव्हरी’च्या रकान्यात शिकागो लिहिलेले हवे. तो रकाना कोरा असेल तर वाहतूकदाराची जबाबदारी बंदरातच संपते, तोंडी काहीही ठरलेले असो.

सुट्या मालाचे (एकाच कंटेनरमध्ये अनेकांचा माल असतो तेव्हाचे) भाडे घनमीटर किंवा टन, जे जास्त भरेल त्यावर लागते; तुमचे ३ युनिट. खरा फटका बसतो तो शिकागोच्या गोदामाच्या बिलाचा : हाताळणी, कागदपत्रे, मोफत मुदतीनंतरचे साठवणभाडे. ही रक्कम बुकिंगपूर्वीच लेखी मागा. कंटेनरमधल्या दुसऱ्या कुणाच्या मालाची तपासणी निघाली तरी तुमची पेटी अडकते, आणि त्या खर्चाचा वाटाही अंगावर येऊ शकतो.

पेटीच्या लाकडावर आयएसपीएम १५चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा आंतरराष्ट्रीय) शिक्का हवाच. नसेल तर माल परत पाठवण्याचा हुकूम निघू शकतो. प्लायवुडला तो लागत नाही, खालच्या ओंडक्यांना लागतो, आणि नेमके तेच विसरले जाते. मशीनमधले तेल काढा, माती पूर्ण धुऊन टाका. घरपोच ट्रकच्या लिफ्टगेटला (मागच्या उचलफळीला) १,८०० किलो सहसा झेपत नाहीत. गोदामातून रिगरकरवी (जड मशीन हलवणाऱ्या व्यावसायिकाकडून) उचलणे बरे.

प्रश्न : आयएसएफ (मालाची आगाऊ माहिती अमेरिकी कस्टम्सला देण्याचा अर्ज) जहाज निघाल्यावर भरला तर चालतो का?

उत्तर : नाही. माल योकोहामाला जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी तो भरावा लागतो. जबाबदारी अमेरिकेतल्या आयातदाराची. एजंट विसरला तरी ५,००० डॉलरपर्यंतचा दंड आयातदारालाच होतो. विक्रेत्याचा पत्ता, मूळ देश, एचएस कोड (मालाचा कस्टम्स वर्गीकरण क्रमांक) ही माहिती आधीच गोळा करा. कंटेनर कुठे भरला आणि कुणी भरला, एवढे दोनच तपशील नंतर, जहाज अमेरिकेत पोहोचण्याच्या २४ तास आधीपर्यंत देता येतात. बाँड (कस्टम्सला द्यायची आर्थिक हमी) मात्र आयएसएफसाठीही लागतो.