पुण्यात राहतो. घराजवळ फिरत फोटोंचा स्वतःचा प्रकल्प सुरू करायचाय, सुरुवात कशी करू?

आधी विषय बारीक करा. 'जुनं पुणं' घेतलंत तर हजार फोटो होतील आणि हाती काहीच लागणार नाही. 'कसबा पेठेतल्या वाड्यांचे दिंडी दरवाजे' किंवा नुसती 'तांबट आळी', म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली घ्या, बास.

मी तांबट आळीच सुचवेन. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके पाडतात, त्याला मठारकाम म्हणतात. हातोडी हलताना दाखवायची तर शटरचा वेग १/३० सेकंदाच्या आसपास, गोठवायची तर १/५०० किंवा त्याहून जलद. आत अंधार असतो, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १६०० ला घाबरू नका. व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारी सेटिंग) मात्र ऑटोवर ठेवू नका, तांब्याचा लालसरपणा फिका पडू शकतो. दारातून उजेड येत असेल तर 'डेलाइट' ठेवा. पहाटेच्या सोनेरी उजेडाचं कौतुक टेकडीवर ठीक आहे. अरुंद बोळात ऊन उतरायलाच दहा-अकरा वाजतात, आणि समोरच्या भिंतीवरून परतून येणारा तो उजेड फार छान असतो.

पहिल्या फेरीत कॅमेरा पिशवीतच राहू द्या. "काका, फोटो काढला तर चालेल का?" एवढं विचारा, पुढच्या वेळी प्रिंट नेऊन द्या. मग तेच आत बोलावतात.

नवा कॅमेरा घेऊ नका. मोबाइल किंवा ३५ मिमीची एकच लेन्स पुरते. महिन्याने छोट्या प्रिंट काढून टेबलावर मांडा, निम्म्या बाद करा. कुठल्या जागी परत जायचं ते तिथेच कळतं.