वाचकांचे प्रश्न : पानिपत, पानावरचे आणि पडद्यावरचे

प्रश्न : विश्वास पाटील यांची 'पानिपत' ही कादंबरी मी महाविद्यालयात असताना वाचली होती. अलीकडे आशुतोष गोवारीकर यांचा त्याच नावाचा हिंदी चित्रपट भाचीसोबत पाहिला. युद्ध तेच, माणसेही बहुतेक तीच. तरीही चित्रपट संपल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटले. हा माझ्या आठवणींचा दोष, की दोन्ही कृतींत मुळातच फरक आहे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दोष आपल्या आठवणींचा नाही. १९८८ साली आलेली कादंबरी आणि २०१९ सालचा चित्रपट यांची तुलना करताना बहुतेक जण 'खरे काय आणि खोटे काय' याच प्रश्नापाशी अडकतात. माझ्या मते खरा फरक आहे तो काळ हाताळण्याचा.

१४ जानेवारी १७६१ रोजी जी लढाई झाली ती सकाळी सुरू होऊन दिवस मावळण्यापूर्वी संपली. पण मराठे त्या एका दिवसात हरले नाहीत. ऑक्टोबर १७६० मध्ये त्यांनी पानिपतच्या उत्तरेचा कुंजपुरा किल्ला जिंकला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अफगाण बादशहा अहमदशहा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर येऊन बसला. त्यानंतर दोन्ही फौजा पानिपतापाशी सुमारे अडीच महिने समोरासमोर होत्या. आपल्याकडे अनेकांच्या डोक्यात पानिपताचा नकाशा उलटा असतो, म्हणून हे स्पष्ट करतो : दक्षिणेतून गेलेले मराठे उत्तरेला होते आणि उत्तरेतून आलेला अब्दाली दक्षिणेला. म्हणजे मराठ्यांची घरची वाट, दिल्लीची रसद आणि पुण्याकडे जाणारी पत्रे, सारे काही शत्रूच्या पलीकडे राहिले होते. डिसेंबरात मराठा सरदार बळवंतराव मेहेंदळे पडले. रसदीची भिस्त ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेलेही त्याच महिन्यात मारले गेले. पुढे उरली थंडी आणि उपासमार.

हा अडीच महिन्यांचा कोंडमारा कादंबरी वाचकाला भोगायला लावते, कारण तिच्याजवळ पाचशेहून अधिक पृष्ठे आहेत आणि तीही वाचक एका बैठकीत संपवत नाही. आपण पुस्तक मिटून जेवायला उठतो, परत येतो, तरी छावणी तिथेच असते, एक दिवस अधिक उपाशी. चित्रपटाला मात्र उणेपुरे तीन तास मिळतात. त्यातला बराच वेळ उदगीरची लढाई, शनिवारवाडा आणि मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ आणि त्यांची पत्नी पार्वतीबाई यांचे प्रेम यांना द्यावा लागतो. उपासमार पडद्यावर दाखवता येत नाही असे नव्हे, पण ती लांबवता येत नाही. दहा मिनिटे काहीच न घडणारे दृश्य कोणता निर्माता ठेवू देईल? त्यामुळे कादंबरीतले पानिपत हा वेढा वाटतो, तर चित्रपटातले पानिपत भाऊ आणि अब्दाली यांच्यातला सामना. आपल्याला जे राहून गेल्यासारखे वाटले, ते हेच अडीच महिने असावेत.

याचा परिणाम शेवटच्या दिवसाच्या अर्थावरही होतो. अब्दालीच्या बाजूने असलेल्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या, पदरी असलेल्या काशीराजाने लिहून ठेवले आहे की आदल्या रात्री सरदार भाऊंकडे आले आणि दोन दिवस अन्न मिळाले नसल्याचे सांगून, उपासाने मरण्यापेक्षा लढून मरू द्या, असे म्हणाले. पहाटे भाऊंनी काशीराजालाच चिठ्ठी पाठवली : प्याला काठोकाठ भरला आहे, आता एक थेंबही मावणार नाही. हे वाक्य तीन तासांच्या ओघात ऐकले तर शौर्याचा बाणेदार उद्गार वाटतो, पण अडीच महिन्यांनंतर वाचले तर ते एका थकलेल्या सेनापतीचे पत्र असते. मला दुसरा अर्थ अधिक खरा वाटतो.

चित्रपटाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. वाचताना 'गोलाची लढाई' हा शब्द डोळ्यांखालून सहज निघून जातो. गारद्यांच्या, म्हणजे कवायती पायदळाच्या, तोफा आणि बंदुका, मागे बाजारबुणगे, यात्रेकरू आणि बायकामुले, आणि हे सारे बांधून एकत्र पुढे सरकायचे, म्हणजे नेमके किती माणसे आणि किती गोंधळ, याची कल्पना मैदानाचे दृश्य पाहिल्यावरच येते. मोहिमेबरोबर तीर्थयात्रेला निघालेल्यांत एकोणिसाव्या वर्षात असलेले नाना फडणीसही होते. त्या पळापळीत त्यांची आई हरवली ती कायमचीच. पुढे आत्मचरित्रात त्यांनी ही हकीकत स्वतःच लिहिली आहे.

प्रश्न : भरतपूरचा राजा सूरजमल जाट याच्या चित्रणावरून चित्रपटाला राजस्थानात विरोध झाला. मग सूरजमलबाबत कोणावर विश्वास ठेवायचा? (एक वाचक, अकोला)

उत्तर : 'विश्वास तर गेला पानिपतच्या लढाईत' असे आपल्याकडे म्हणतातच! थट्टा बाजूला ठेवून सांगायचे तर, दिल्ली घेतल्यानंतर सूरजमल मराठ्यांपासून दूर झाला हे खरे आहे आणि त्यामागे मतभेद होते हेही खरे आहे. बायकामुले व जड सामान मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे, हा त्याचा सल्ला भाऊंनी मानला नाही. परंतु पराभवानंतर उपाशी, उघडी, जखमी माणसे त्याच्या मुलखात पोहोचली तेव्हा त्याने त्यांना अन्नवस्त्र आणि आसरा दिला, ही गोष्टही तितकीच नोंदलेली आहे. तो केवळ सौदा करणारा होता असे दाखवणारी कोणतीही कृती, ती छापील असो वा चित्रित, अर्धीच हकीकत सांगते. पराभवाचे खापर फोडायला परक्याचे डोके नेहमीच सोयीचे असते. आपल्या बखरकारांनी तर घरच्या मल्हारराव होळकरांनाही सोडले नाही.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याने आधी कादंबरी वाचावी की चित्रपट पाहावा? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आधी चित्रपट पाहू द्या. कादंबरीतली नावे, नाती आणि सरदारांची घराणी नवख्या वाचकाला पहिल्या शंभर पानांत दमवतात. पडद्यावरचे चेहरे डोळ्यांसमोर असले की तो टिकून राहतो. मात्र चित्रपटानंतर लगेच कादंबरी हाती द्या, वर्षभराने नको. कादंबरी संपल्यावर त्याला वाद घालावासा वाटला, तर इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकरांचे 'पानिपत १७६१' घरात असू द्या. भाऊंच्या माथी बसलेला उतावळेपणाचा शिक्का त्यांनी पुराव्यांनिशी कसा तपासला, ते वाचताना कादंबरीकाराने तेथून काय उचलले आणि कोठे स्वतःची कल्पना चालवली, हे मुलाला आपोआप दिसू लागेल. आणि वाचायला बसण्यापूर्वी यमुना, बागपत, कुंजपुरा, पानिपत आणि दिल्ली एवढीच पाच नावे असलेला नकाशा त्याच्याकडून कागदावर काढून घ्या.