टर्बो बदलण्याआधी हवेचा मार्ग तपासा

तुमच्या वर्णनानुसार भरलेला ट्रक चढावर पूर्वीसारखा ओढत नाही, बूस्टचा (टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबाचा) काटा खाली राहतो, ॲक्सिलरेटर दाबताच काळा धूर येतो, ॲव्हरेज घसरले आहे आणि मेकॅनिकने टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बदलण्याचा सल्ला दिला आहे. माझ्या मते हा सल्ला घाईचा आहे. टर्बोने दाबलेली हवा इंजिनापर्यंत पूर्ण पोहोचते की नाही, हे अजून कोणी पाहिलेलेच दिसत नाही.

उभ्या गाडीला रेस देऊन बूस्ट तपासण्यात अर्थ नसतो, कारण टर्बो एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या, ऊर्जेवर फिरतो आणि लोड असल्याशिवाय ती पुरेशी मिळत नाही. भरलेली गाडी चढावर असताना शेजारी बसलेल्या व्यक्तीने स्कॅनरवर (इंजिनच्या संगणकातील आकडे दाखवणारे उपकरण) इंजिनने मागितलेले आणि प्रत्यक्ष मिळालेले बूस्ट, असे दोन्ही आकडे नोंदवावेत. त्याआधी इंजिन बंद आणि इग्निशन चालू ठेवून बूस्टचा सेन्सर वातावरणाचाच दाब, म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे 100 किलोपास्कल, दाखवतो ना, याची खात्री करावी. आकडा फारच वेगळा असेल, तर संशय आधी सेन्सरवर घ्यावा.

मिळालेले बूस्ट मागणीपेक्षा बरेच कमी असेल, तर टर्बोपासून इंटरकूलरमार्गे (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) इनटेक मॅनिफोल्डपर्यंतचा (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) प्रत्येक होज आणि क्लॅम्प हाताने चाचपावा. होजची चीर बहुधा खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या कडेला असते. गाडी बंद असताना ती मिटलेली राहते आणि दाब आला की उघडते, त्यामुळे नुसत्या नजरेने सापडत नाही. मात्र तिच्याभोवती तेलकट, ओलसर धूळ चिकटलेली आढळते. खात्रीसाठी इंजिन बंद ठेवून टर्बोच्या इनलेटला प्लग बसवावा, रेग्युलेटरमधून हळूहळू हवा भरावी (दाब उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतच ठेवावा आणि प्लगसमोर उभे राहू नये) आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. इंटरकूलरचा गाभा आणि त्याच्या टाक्यांचे जोड या वेळी हमखास विसरले जातात.

येथे गळती नसेल, तर टर्बोच्या आधीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी काजळीचे डाग आहेत का ते पाहावे. पुढे वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वगळून सोडणारी झडप), किंवा व्हेरिएबल टर्बो असल्यास काजळीने अडकलेले व्हेन (एक्झॉस्टचा झोत वळवणारी हलती पाती) आणि त्यांना हलवणारा ॲक्च्युएटर तपासावा. टर्बोचा शाफ्ट (दांडा) थोडा आडवा हलला म्हणून टर्बो निकामी ठरत नाही, कारण तो तेलाच्या थरावर फिरतो. टर्बोच्या आतले पात्यांचे चाक हाउसिंगला (बाहेरच्या कवचाला) घासत असेल किंवा शाफ्ट पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल, तर मात्र टर्बो उघडावाच लागेल.

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, त्यामुळे गळती बंद झाल्यावर ॲव्हरेज बरेचसे सुधारायला हवे. तसे झाले नाही, तर ती तक्रार वेगळी समजावी: उघडा अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिनाचे तापमान राखणारी झडप), सतत जोडलेला राहणारा फॅन क्लच (रेडिएटरचा पंखा इंजिनाला जोडणारा भाग), टायरमधील कमी हवा किंवा धरून राहणारा ब्रेक. गाडी थांबवल्यावर एखाद्या चाकाचा हब (मधला भाग) इतरांपेक्षा बराच गरम लागत असेल, तर सुरुवात तिथून करावी. इंजिन ऑइलची पातळी वाढत असेल, तर डिझेल त्यात उतरत असण्याची शक्यता आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करून गाडी चालवत राहू नये.

ॲव्हरेज काढताना डॅशबोर्डवरील आकड्यावर विसंबू नका, कारण तो संगणकाने गृहीत धरलेल्या डिझेलवरून निघतो आणि गळका इंजेक्टर त्याला दिसत नाही. त्याच मार्गावर, तेवढ्याच मालासह, टाकी फुल ते टाकी फुल असे मोजा आणि चढावरचे बूस्टचे दोन्ही आकडे येथे लिहा, म्हणजे पुढचे सांगता येईल.