श्रीवर्धनला निघताना आधी तिथी बघा

दिवाळीची सुटी जवळ आली की श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर या पट्ट्याबद्दल प्रश्न येऊ लागतात. त्यांतल्या काहींची ही उत्तरं.

भाऊबीजेनंतर चार दिवस श्रीवर्धनला मुक्काम आहे. सोबत सत्तरीचे आई-बाबा, सहा आणि नऊ वर्षांची मुलं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आणि समुद्रस्नान कोणत्या वेळी ठेवावं? (वाचक, नाशिक)

हॉटेलवाल्याला विचारण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. त्या दिवशी पूर्ण भरती पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास. त्याच्या अलीकडे-पलीकडे सव्वासहा तासांवर ओहोटी, म्हणजे सकाळी साडेनऊला. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो. दक्षिणेकडे जावं तशी भरती थोडी आधी येते, म्हणून मालवण किंवा गोव्याला हाच आकडा वापरताना तासभर अलीकडे धरा. नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक बघा.

आता प्रदक्षिणा. हरिहरेश्वराच्या मागे डोंगराच्या खाचेतून पायऱ्या थेट समुद्राच्या कातळावर उतरतात आणि वाट पाण्याला लागूनच वळते. ती फक्त ओहोटीला चालता येते. ओहोटी पूर्ण झाल्यावर उतरायचं नाही. पाणी मागे जात असताना उतरायचं, म्हणजे पंचमीच्या गणितात साडेनऊ नव्हे, आठ. उलट केलंत तर अर्ध्या वाटेत पाणी चढू लागतं, आणि एका बाजूला सरळ कडा असल्याने वर चढून जायला जागा नसते. या वाटेवर लाटेने माणसं ओढली गेली आहेत, ती बहुतेक वेळा फोटोसाठी कडेच्या कातळावर उभी राहिलेली. एकदा लाट आली नाही म्हणजे त्या दगडावर पुन्हा येणार नाही असं नसतं. काही मोठ्या लाटा मध्येच येतात.

कातळ खाऱ्या वाऱ्याने जाळीसारखा पोखरलेला आहे. कोरड्या, खरबरीत दगडावर पाय नीट धरतो. हिरव्या झाकेच्या ओल्या दगडावर धरतच नाही. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल घाला. सपाता नकोत. आई-बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांनी देवळापाशीच थांबावं, प्रथेप्रमाणे काळभैरव, हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव असं दर्शन घेतलं तरी झालं. पावसाळ्यात ही वाट कोणीच करू नये.

दिवस निवडताना एक बारकावा. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाणाचा जोर असतो: पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार मागे सरत नाही आणि कातळाचा खालचा भाग ओलाच राहतो. तृतीया ते पंचमी हा सोयीचा मध्य. भाऊबीजेला ओहोटी सकाळी सव्वासातला असते; दीड तास आधी उतरायचं तर उजाडलेलंही नसतं.

समुद्रस्नान त्याच पंचमीला दहा ते साडेअकरा ठेवा. तेव्हा पाणी आत येत असतं. दुपारी चारनंतर ओहोटी लागली की मुलांना गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका. संध्याकाळी पाणी शांत दिसतं, ओढ मात्र बाहेरची असते.

ओढ आहे हे किनाऱ्यावरून ओळखता येतं का? (वाचक, चिंचवड)

बऱ्याचदा येतं. पाण्यात शिरण्याआधी दहा मिनिटं उभं राहून बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटून फेस येतोय आणि मधल्या पट्ट्यात मात्र लाटाच फुटत नाहीत, पाणी गडद किंवा गढूळ आहे, फेस आणि कचरा समुद्राकडे वाहतोय, तर तो पट्टा आंघोळीचा नाही. नवख्या माणसाला नेमका तोच सुरक्षित वाटतो, कारण तिथे लाटा नसतात. खाडीच्या मुखाशीही उतरू नका. हरिहरेश्वरपाशी सावित्री समुद्राला मिळते, तिथे नदी आणि ओहोटीचं पाणी एकाच दिशेने ओढतं.

सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमछाक होते ती त्यानेच. पाठीवर तरंगा, हात वर करा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जा. हे पट्टे सहसा अरुंद असतात. काठावरच्या माणसाने मागे उडी घेऊ नये. घट्ट झाकण लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन फेकावा, तो माणसाला तरंगत ठेवतो. त्याला दहा मीटर नायलॉनची दोरी आधीच बांधून ठेवलीत तर आणखी उत्तम. मदतीला 112.

वाळूत गाडी रुतली तर? (वाचक, ठाणे)

गाडी किनाऱ्यावर न्यायचीच नाही, हे पहिलं उत्तर. ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट दिसते, पण कडेला वळवताना चाक कोरड्या वाळूत जातं आणि रुततं. मग लोक ॲक्सिलरेटर दाबतात. चाक जागच्या जागी फिरतं, स्वतःखाली खड्डा खणतं आणि गाडीचं पोट वाळूवर टेकतं. तिथून पुढे ट्रॅक्टरच.

पोट टेकलेलं नसेल तर इंजिन बंद करा, माणसं आणि सामान उतरवा. चालती चाकं कोणती ते बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची असतात. त्या चाकांच्या पुढची आणि मागची वाळू हाताने उतरती काढा. टायरमधली हवा 32 वरून 18-20 पर्यंत कमी करा, म्हणजे टायर पसरतो. चाकांखाली पायपुसणी किंवा नारळाच्या झावळ्या घाला आणि आलात त्याच चाकोरीतून, दुसऱ्या गियरमध्ये किंवा रिव्हर्सला, हळू बाहेर काढा. मागून ढकलणाऱ्यांनी चाकाच्या सरळ रेषेत उभं राहू नये, कारण पायपुसणी सुटून मागे उडते. मग हवा भरेपर्यंत गाडी सावकाश चालवा आणि त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. पाणी इंजिनापर्यंत गेलं असेल तर चावी फिरवू नका. टो करून गॅरेजला न्या.

दिघी किंवा बागमांडल्याच्या जंगलजेटीने (गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीने) गाडी न्यायला भीती वाटते. (वाचक, सातारा)

भीतीचं कारण नाही. अलिबाग-मुरूडकडून येणाऱ्यांना आगरदांडा-दिघी, आणि हरिहरेश्वरहून वेळासकडे जाणाऱ्यांना बागमांडला-वेश्वी ही फेरी मोठा वळसा वाचवते. फक्त मोठ्या ओहोटीला धक्क्यावरचा उतार जास्त खडा होतो आणि त्याचं खालचं टोक शेवाळलेलं असतं. बुटकी गाडी तिथे पोटाला घासते. थोडी तिरकी घ्या, माणसं आधी उतरवा. दुचाकीवर मागे कोणी बसू नये.

श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर मासळी घेताना फसू नये म्हणून काय बघावं? (वाचक, पुणे)

कल्ले उचला: लाल हवेत, तपकिरी नकोत. डोळा फुगीर, काचेसारखा. पापलेटला कल्ल्याजवळ दाबा; पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर किंवा पिवळट आलं तर पुढे चला. कोलंबीचं डोकं सैल नको. सोलून साफ केल्यावर किलोची जेमतेम अर्धा किलो उरते, हे धरून घ्या. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारातली मोठी मासळी बहुधा बर्फातली किंवा बाहेरची समजा.

शिजवून देणाऱ्या घरी आदल्या रात्री सांगा. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही तेव्हाच. पिठी मळून बसलेल्या बाईला सकाळी दहाला सांगून उपयोग नाही.

कोकमाचं आगळ आणलं, पण घरी सोलकढी फाटते. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

तुम्ही ती उकळताय किंवा आगळ गरम दुधात ओतताय. एका नारळाचं दूध काढा, कोमटही ठेवू नका, थंड होऊ द्या. त्यात दोन मोठे चमचे आगळ, मग चव बघून तिसरा. लसूण-मिरची वाटून. मीठ सगळ्यात शेवटी, कारण आगळात ते आधीच असतं.